पुढच्या रांगेतला खालिद

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो 2004 साली, सेकंडहँड. पैसे भाईचे होते. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळ्या करून त्याने ते साठवले होते. मी तेव्हा आठवीत होतो, भाई एकोणीस वर्षांचा. अब्बांचं आजारपण सुरू झालं त्या वर्षी त्याने दहावीतून शाळा सोडली होती. कॉम्प्युटर माझ्या अभ्यासासाठी घेतलाय, असं अम्मीला सांगितलं होतं. पुढे अभ्यास झालाही, पण त्याआधी एका वर्गमित्राकडून पाच सीड्यांचा एक गेम आला. नाव होतं 'बाल्डर्स गेट'.

ज्यांनी असे गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 1998 साली बायोवेअर या कॅनेडियन कंपनीने हा गेम काढला. यात तुम्ही एकटे नसता. जास्तीत जास्त सहा जणांची टोळी घेऊन जंगलं, खाणी, गावं पालथी घालायची असतात. प्रत्येकाचा पेशा वेगळा. योद्धा तलवार चालवतो, चोर कुलपं उघडतो आणि सापळे शोधतो, क्लेरिक दुवा मागून जखमा भरतो, जादूगार मंत्र टाकतो. लढाई सुरू असताना स्पेस बार दाबला की सगळं जग जागच्या जागी थांबतं. मग प्रत्येकाला काय करायचं ते सांगायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मला हे समजायला दोन दिवस लागले, भाईला दोन मिनिटं. तो म्हणाला, मागाचं तरी दुसरं काय असतं? धागा तुटला की थांबवायचं, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचं.

मी अर्थातच जादूगार झालो. तेरा वर्षांच्या पुस्तकी पोराला दुसरं काय व्हावंसं वाटणार? आणि पहिल्याच रस्त्यावर एका लांडग्याने मला फाडून खाल्लं.

त्यामागचं गणित असं. हा गेम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळाच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. अंगात किती जीव आहे हे हिट पॉइंटमध्ये मोजतात. पहिल्या लेव्हलला जादूगाराला मिळतात फार तर चार, प्रकृती ठणठणीत असेल तर आणखी दोन. योद्ध्याला दहा, आणि प्रकृतीचे वर पाचपर्यंत. जादूगाराला चिलखत घालता येत नाही. मंत्र एकच पाठ करता येतो. तो टाकला की पुन्हा झोप काढून पाठ करेपर्यंत हा माणूस म्हणजे झगा घातलेलं ओझं. वर पुढची लेव्हल गाठायला त्याला अडीच हजार अनुभव-पॉइंट लागतात, योद्ध्याला दोन हजार, चोराला तर साडेबाराशेच. म्हणजे जो सगळ्यात दुबळा, तोच सगळ्यात हळू वाढणार.

मी चिडलो. गेमच खराब आहे म्हणालो. भाई मागे खाटेवर बसून चहा पीत होता. आमच्या घरात दखनी बोलतात, तो म्हणाला, "इसको पीछे रख. आगे कोई तो भी खडा रहतैच."

पुढे उभं राहणारा आम्हाला एका सराईत भेटला. सराईच्या पायऱ्यांवर एक मारेकरी जादूगार वाट बघत असतो. तो असा काही मंत्र टाकतो की तुमची टोळी भेदरून सैरावैरा पळत सुटते आणि तो निवांतपणे एकेकाला टिपतो. माझी त्या पायऱ्यांवर पाच-सहा वेळा कत्तल झाली. तोड भाईनेच काढली. टोळीत इमोएन नावाची एक चोर मुलगी असते, तिच्याकडे धनुष्य असतं. तो पुटपुटायला लागला की थांबव आणि तिला बाण मारायला सांग. मंत्र म्हणताना जखम झाली की मंत्र मोडतो, असा नियमच आहे. तो मेला, आम्ही आत गेलो, आणि आत एक जोडपं भेटलं. बायकोचं नाव जाहीरा, नवऱ्याचं खालिद.

आमच्या गल्लीत तीन खालिद होते. स्क्रीनवर ते नाव बघून आम्ही दोघं ओरडलोच. पण हा खालिद तोतरं बोलायचा आणि घाबरट होता. लढाई अंगावर आली की त्याचा धीर सुटायचा आणि तो पळायला लागायचा. मला जरा लाजच वाटली. एवढ्या मोठ्या गेममध्ये आपल्या नावाचा एक माणूस, आणि तोही भित्रा. भाईला मात्र तो आवडला. घाबरतो, पण येतो, म्हणाला. खालिदची प्रकृती दणकट होती आणि चिलखत घातलं की तो बराच वेळ तग धरायचा. पुढचे कित्येक आठवडे खालिद मार खात होता आणि मी त्याच्या पाठीमागे उभा राहून दर लढाईत एक मंत्र टाकत होतो.

मग पाचवी लेव्हल आली. जादूगाराला तिथे आगीचा गोळा टाकता येतो. लेव्हलमागे एक फासा, म्हणजे पाच फासे, आणि त्या वर्तुळात जो कोणी असेल त्या प्रत्येकाला. डझनभर कोबोल्ड एका क्षणात साफ. 'प्रत्येकाला' यात आपली माणसंही येतात, त्यामुळे पहिल्या गोळ्यात मी खालिदलाही भाजून काढलं. पण त्या दिवसापासून टोळीचा हिशेबच बदलला. योद्धा दर लेव्हलला थोडा थोडा वाढतो, सातव्या लेव्हलला जाऊन त्याला दोन फेऱ्यांत तीन वार मिळतात. जादूगार उड्या मारत वाढतो. पुढच्या भागांत तर तो काळ थांबवतो, आणि योद्धा तलवारच फिरवत असतो.

या खेळांचे चाहते पेशांमधल्या समतोलावर वर्षानुवर्षं भांडत आलेत. एक बाजू म्हणते, सुरुवातीला दुबळा आणि शेवटी जबरदस्त, म्हणजे हिशेब बरोबरच. दुसरी म्हणते, हा समतोलच नाही, आधी एकाने कंटाळायचं आणि नंतर दुसऱ्याने. अनेक वर्षं मी पहिल्या बाजूने भांडलो. माझं म्हणणं असं की समतोल माणसाचा नसतो, टोळीचा असतो. सहा जण सारखे असायची गरज नाही, सहाही जणांची गरज पडली पाहिजे.

आणि ती गरज निर्माण करते लढाईची काठिण्यपातळी. हेही मी स्वतःवरच शिकलो. भाई रात्रपाळीला गेला की मी गुपचूप सेटिंगमधला काटा सर्वात सोप्याकडे सरकवायचो. तिथे शत्रूचे घाव हलके होतात. मग चोराने सापळे शोधले काय, न शोधले काय. कोणालाही पुढे उभं केलं तरी चालतं. टोळी उरते, पण सोबत उरत नाही. काटा दुसऱ्या टोकाला नेला की उलटी गंमत. तिथे शत्रू दुप्पट घाव घालतो, आणि कोणाची संगत आवडते याला अर्थ राहत नाही. हिशेबात बसतील तेवढेच ठेवायचे, बाकीच्यांना रस्ता दाखवायचा. खरी टोळी मधे कुठेतरी असते. मार बसेल इतपत कठीण, आणि घाबरट माणसालाही सोबत नेता येईल इतपत सोपं.

तो काटा टोकाला नेला तेव्हाच मी खालिदला काढलं. नाश्केल गावात मिन्स्क नावाचा धिप्पाड रेंजर मिळतो, त्याची ताकद खालिदपेक्षा कितीतरी जास्त. अदलाबदल केली, आणि खालिदबरोबर जाहीराही निघून गेली. त्या गेममध्ये नवरा-बायकोला वेगळं करता येत नाही. सकाळी भाईने पाहिलं. खालिद कुठाय, विचारलं. मी म्हटलं, आता त्याचा उपयोग नाही. तो काही बोलला नाही. हातपाय धुऊन झोपला.

बारावीनंतर मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्या दोन वर्षांची फी भाईच्या पगारातून गेली. हॉस्टेलवर मी 2000 साली आलेला दुसरा भाग खेळलो. सुरुवातीलाच एक तळघर आहे, आणि त्यात खालिदचं प्रेत सापडतं. जाहीरा त्याच्यापाशी थांबते. गेम पुढे जातो. त्या रात्री मी बराच वेळ स्पेस बार दाबून बसलो होतो.

त्यानंतर माझी पहिली बाजू लंगडी पडत गेली. 'आज तू सांभाळ, उद्या मी सांभाळीन' हा हिशेब जादूगाराला फार सोयीचा आहे. त्याची वेळ येते तेव्हा योद्धा टोळीत असेल, याची हमी नियमांत कुठे लिहिलेली नाही. भाईने वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली. डाव्या कानाने त्याला आता जवळजवळ ऐकू येत नाही. मी त्याच्या कितीतरी पट कमावतो. हे वाक्य लिहिताना मला लांडगा आठवतो.

म्हणून नव्या गेमकर्त्यांनी जे केलं त्याला मी आता नाकं मुरडत नाही. 2015 च्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'मध्ये ताकद या गुणाने तलवारीचा घाव वाढतो तसा मंत्राचाही वाढतो. कुठलाही गुण कुठल्याही पेशाला फुकट जाऊ नये, असा तिथे विचार आहे. 2023 च्या 'बाल्डर्स गेट 3'मध्ये जादूगार पहिल्या लेव्हलपासून दर फेरीला छोटा मंत्र टाकू शकतो, त्याला ओझं होऊन बसावं लागत नाही. योद्ध्याला पाचव्या लेव्हलला दुसरा वार मिळतो, अकराव्याला तिसरा. मोठमोठ्या मंत्रांपैकी अनेक एकाग्रता मागतात, आणि एका वेळी असा एकच मंत्र धरून ठेवता येतो. म्हणजे शेवटपर्यंत दोघंही कामाचे.

यातही धोका आहे. 2008 साली मूळ कागदी खेळाच्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या पेशांना एकाच साच्यातली कौशल्यं दिली: काही कधीही वापरायची, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. कागदावर समतोल झाला, पण अनेक खेळणाऱ्यांना सगळे सारखेच वाटायला लागले. कोणाचंच कोणावाचून अडत नसेल, तर सोबत कशाला निघायचं?

गेल्या ईदला मी लॅपटॉप घेऊन घरी गेलो. टीव्हीला जोडला, दोन कंट्रोलर लावले. तिसऱ्या भागात अर्धा-अर्धा स्क्रीन करून दोघांना खेळता येतं. भाई म्हणाला, आता सवय नाही. मी म्हटलं, बस तर खरा. पेशा निवडायची वेळ आली तेव्हा मला वाटलं तो योद्धा घेईल. त्याने सगळी यादी हळूहळू वाचली आणि जादूगार घेतला.

"मरशील पहिल्याच लढाईत," मी म्हटलं. त्याच्या उजव्या कानाशी, जरा मोठ्याने.

"तू आहेस ना पुढे," तो म्हणाला.

मी योद्धा घेतला. पहिल्या लढाईत तो तरीही माझ्या पुढे धावला आणि पडला. सवयच तशी. मी त्याला उठवलं आणि मागे उभं केलं. दुसऱ्या लढाईत पुन्हा तेच झालं. तिसऱ्या लढाईपर्यंत शीरखुर्मा थंड झाला होता आणि अम्मी आम्हा दोघांवर ओरडत होती.