मदतनीस

भाईंदर पूर्वेला राहायला आल्यापासून आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा उल्लेख आम्ही 'मदतनीस' असा करीत असू. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. 'मोलकरीण', 'कामवाली' हे शब्द तोंडातून निघत नसत. पाहुण्यांसमोर 'आमच्या मदतनीस' म्हणताना आपण थोडे सुधारलेले आहोत असेही वाटे, हे कबूल केले पाहिजे.

शब्द मोठा मौजेचा आहे. 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस, फर्द लिहिणारा तो फडणीस. कारकुनांच्या या पंगतीत अरबीतून आलेली 'मदत' कशी येऊन बसली? मदतनीस तर काहीच लिहीत नाही. मराठीने हुद्द्यांचे शेपूट उचलले, त्यातली लेखणी गाळली आणि ते साहाय्य करणाऱ्याला जोडून दिले. हिंदी 'मददगार'वर थांबली. शिवाय स्त्री असो वा पुरुष, रूप एकच. 'परोपकारी'ला बोलण्यात थट्टेचा वास लागला, 'उपकार' म्हटले की ओझे आले. 'मदतनीस' तेवढा स्वच्छ राहिला, असे आम्ही वर्गातही सांगत आलो.

मागच्या पावसाळ्यात बाईंनी पगार वाढवून मागितला. आमच्यापैकी एकीच्या तोंडून निघून गेले, "अहो, तुम्ही आमच्या मदतनीस, घरच्याच. घरच्यांत कसला हिशेब?"

त्यांनी हातातले भांडे खाली ठेवले. "ताई, मला कामवालीच म्हणा. माझी जाऊ अंगणवाडीत मदतनीस आहे. खोली झाडते, पोरांना घरून आणते, खाऊ घालते. तिला पगार नाही, मानधन मिळतं. मी काम करते, मदत नाही करत."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. तिच्यातल्या सेविका आणि मदतनीस यांना मिळते ते सरकारी भाषेत 'मानधन'च. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना संपावर जावे लागले. या बातम्या आम्ही वाचल्या होत्या. 'मदत' आणि 'मान' अशा दोन चांगल्या शब्दांमधून 'वेतन' निसटून गेले आहे, हे मात्र आम्हांला दिसले नव्हते.

पगार वाढवला. किती, ते सांगण्यासारखे नाही. पाहुण्यांसमोर आता आम्ही बाईंचे नाव घेतो. 'कामवाली' अजून जिभेवर येत नाही.