मामाची सुमो दोन इंच वर

आमच्या होस्टेलमध्ये ऑटोमोबाईलच्या पोराला सगळे मेकॅनिक समजतात. कुणाच्या गाडीचा क्लच सरकतोय, कुणाच्या स्कूटीचा आरसा हलतोय, की 'ए ऑटो, बघ ना जरा' अशी हाक ठरलेली. घरीही तेच. फरक इतकाच की घरी आपला नंबर गॅरेजच्या मिस्त्रीच्या खाली लागतो. मिस्त्री बोलला ते अनुभवाचं, आपण बोललो ते पुस्तकातलं. माझ्या मामाच्या सुमोने हा हिशोब थोडा बदलला, म्हणून हा लेख.

मामा सातगाव पठारावरचे, म्हणजे बटाटेवाले. गाडी सेकंड हँड टाटा सुमो, पठारावरून मंचरला आठवड्यातून चार फेऱ्या ठरलेल्या. नव्या पोरांसाठी सांगतो, सुमो या नावाचा जपानी पैलवानाशी काही संबंध नाही. टेल्कोचे सुमंत मुळगावकर, त्यांच्या नावातलं 'सु' आणि आडनावातलं 'मु' घेऊन हे नाव झालं. 1994 ला गाडी आली आणि 2019 ला बंद झाली. पण आमच्याकडच्या लग्नांत अजून पहिली तीच येते.

मामांची तक्रार एकच, गाडी पुढून खाली घासते. शेताकडचा रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधे दगडांचा कणा. त्यात गावोगावचे स्पीड ब्रेकर. आपल्या सिव्हिलच्या मित्रांना माहीत असेल, इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीड ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच हवा. आमच्याकडचा स्पीड ब्रेकर म्हणजे शेताचा बांध. ज्याच्या दारात बनतो त्याच्या मनाप्रमाणे त्याची उंची ठरते.

शेवटी एका मिस्त्रीने इलाज केला. गाडीखाली झोपला, दोन्ही बाजूचे टॉर्शन बारचे बोल्ट आवळले, आणि चहा संपेपर्यंत गाडी पुढून दोन इंच वर! मामा खूश. 'आता कशी पुढाऱ्याची गाडी वाटतीय!' दिसायला होती खरी रुबाबदार. तोंड वर करून उभी, समोरच्याला ओळख न देणारी.

मग एकेक सुरू झालं. वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ होईना, हाताने परत आणावं लागायचं. साठच्या वर गाडी रस्त्यावर सरळ राहीना, सारखी इकडून तिकडे सांभाळायची. लहानसा खड्डा आला तरी 'धाड' असा आवाज, जणू खालून कुणी घण मारला. रात्री हेडलाइट रस्त्याऐवजी झाडाच्या शेंड्यावर, त्यामुळे समोरचे ड्रायव्हर शिव्या देत जायचे. मामांकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. हवा कमी असेल, रस्ता खराब आहे, वारं सुटलंय. आणि मिस्त्रीचं पेटंट वाक्य, 'आवळल्यावर स्प्रिंग कडक होती. बसंल हळूहळू.'

पावसाळा संपता संपता आम्ही भीमाशंकरला गेलो. मामा, मामी, मामेबहीण आणि मी. येताना डिंभ्याच्या वर घाट उतरत होतो. एका डावीकडच्या वळणावर पुढची जीप एकदम थांबली, मामांनी ब्रेक दाबला आणि गाडीचं तोंड खाली गेलं. त्याच क्षणी स्टिअरिंग हातातून हिसका देऊन उजवीकडे गेलं. समोरून टेम्पो चढत होता. मामांचा हात पक्का म्हणून त्यांनी गाडी ओढून परत आपल्या बाजूला आणली. मामीच्या हातातली प्रसादाची पिशवी खाली सांडली होती, ती घोडेगावपर्यंत कुणी उचलली नाही. घोडेगावला मामी एवढंच म्हणाली, 'भाच्याला दाखवा गाडी. चार वर्षं कशाला शिकवतोय आपण त्याला?'

मामा हो म्हणाले नाहीत, पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं होस्टेलवाले पठारावर गेलो. आमच्याकडे काही लेझर अलाइनमेंट मशीन नव्हतं. एक मोजपट्टी, खडू, जॅक, आणि सिव्हिलच्या मित्राने आणलेला गवंड्याचा ओळंबा. गोदामासमोरच्या सपाट कोब्यावर गाडी उभी केली. शेजारच्यांची तशीच, पण हात न लावलेली सुमो बाजूला आणली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही गाड्यांचं मोजलं. मामांची गाडी डावीकडे 55 मिलिमीटर वर आणि उजवीकडे 45. म्हणजे पहिला घोळ इथेच, दोन बाजू सारख्या नाहीत.

मग ओळंबा सोडला. दोरी रिमच्या वरच्या कडेला जवळ आणि खालच्या कडेला 10 मिलिमीटर लांब. रिम 400 मिलिमीटरचा धरला तर जवळजवळ दीड अंश. चाकं वरून बाहेर झुकलेली, यालाच आपण परीक्षेत पॉझिटिव्ह कँबर लिहितो आणि दोन मार्क घेतो. टायरची बाहेरची कड का खाल्ली गेली होती ते कळलं. नंतर टायरवर खडूच्या रेघा मारून दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं. पुढून 9 मिलिमीटर जास्त, म्हणजे दोन्ही चाकं बाहेरच्या दिशेला तोंड करून, रुसलेल्या जावांसारखी. मामा हसले, पण जवळ येऊन बसले.

मी कोब्यावरच खडूने हिशोब मांडला. टायरचा व्यास साधारण 700 मिलिमीटर, एका चाकाचा वाटा साडेचार मिलिमीटर. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा प्रत्येक चाक सहा मीटरच्या वर आडवं घासत जातं. मंचर ते पुणे साठ किलोमीटर धरा. पावणेचारशे मीटरच्या वर टायर नुसता आडवा फरपटतो. 'म्हंजी बटाट्याची साल काढल्यागत,' मामा म्हणाले. ही उपमा आमच्या व्हेइकल डायनॅमिक्सच्या पुस्तकात यायला हरकत नाही.

आता स्प्रिंग कडक होण्याचं. टॉर्शन बार ही काही नवी युक्ती नाही. फर्डिनांड पोर्शेंनी 1931 साली तिचं पेटंट घेतलं आणि पुढे बीटल गाडी त्यावरच चालली. सरळ पोलादी दांडा, एक टोक सस्पेन्शनच्या आर्मला, दुसरं चासीला. चाक वर गेलं की दांडा पिळतो, तीच स्प्रिंग. दांड्याचा कडकपणा ठरतो त्याच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर. चासीकडचा बोल्ट आवळल्याने यातलं काय बदललं? काहीच नाही. आणि गाडीचं वजन तेवढंच, म्हणून दांड्याचा पीळसुद्धा जवळपास तेवढाच राहतो. बोल्ट फिरवल्याने फक्त पिळाची सुरुवात कुठून करायची ते सरकतं, आर्म जास्त खाली झुकून थांबतो आणि गाडी वर जाते. पीळ घातलेल्या टॉवेलचं एक टोक अजून फिरवलं आणि दुसऱ्या टोकाचा हातही तेवढाच फिरू दिला, तर पाणी जास्त गळतं का? तसं.

मग धाड आवाज कसला? आम्ही गाडीखाली शिरलो. चाक खाली जाताना आर्म जिथे टेकतो त्या रबराच्या ठोकळ्यात आणि आर्ममध्ये वहीचं पान जाईना. म्हणजे चाकाला खाली जायला जागाच शिल्लक नव्हती. खड्डा आला की चाकाने खड्ड्यात उतरायचं आणि गाडीने वर स्थिर राहायचं, हे सस्पेन्शनचं अर्धं काम. इथे चाक उतरूच शकत नव्हतं, त्यामुळे ते अख्ख्या गाडीला बरोबर खाली ओढायचं. मामांना जे कडक वाटत होतं ते हे. शॉकअब्सॉर्बर बिचारे पूर्ण ताणलेले, सुटी मागत होते.

घाटातल्या हिसक्याचं कारण जरा खोल आहे. टाय रॉड आणि सस्पेन्शनचे आर्म, दोघांची लांबी आणि बिजागरीच्या जागा वेगळ्या. कंपनी या जागा अशा ठरवते की नेहमीच्या उंचीच्या आसपास चाक वरखाली झालं तरी दोघांचे कंस जुळतात आणि चाक आपलं तोंड फिरवत नाही. दोन इंच वर गेलं की आपण त्या जुळणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर पडतो. मग चाक वरखाली झालं की ड्रायव्हरने काही न करता थोडं वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. ब्रेक मारताना तोंड खाली गेलं, डावं चाक एका मापाने वळलं, उजवं दुसऱ्या मापाने, कारण उंची 10 मिलिमीटरने कमीजास्त. बाकीचं काम वळणाने केलं.

एक गोष्ट मात्र आम्हाला तासभर छळत होती. पुढून दोन इंच उचललं आणि चाकांमधलं अंतर 2.4 मीटर धरलं, तर चासी सव्वा अंशाच्या आसपास मागे झुकते. त्याने कॅस्टर वाढायला हवा आणि कॅस्टर वाढला की स्टिअरिंग उलट जास्त जोरात सरळ यायला हवं. इथे तर येतच नव्हतं. शेवटी जॅक लावून चाकं अधांतरी केली आणि हाताने फिरवून पाहिली. डावीकडे ठरावीक जागी जड. वरचा बॉल जॉइंट नव्या कोनात शेवटापर्यंत वाकलेला, रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसऐवजी शेताकडची लाल माती. कॅस्टरने कितीही ढकललं तरी हा दरवाजा गंजलेला.

मेसमध्ये यावर आठवडाभर वाद चालला. एकाने कायदा काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. दुसरा म्हणाला, बोल्ट तर कंपनीनेच दिलाय, तो आवळणं म्हणजे बदल कसा? माझं मत असं की तो बोल्ट बसलेली गाडी परत मूळ उंचीला आणण्यासाठी आहे, उंच दाखवण्यासाठी नाही. यावर कॉम्प्युटरच्या मित्राने 'डिफॉल्ट सेटिंग' असा एकच शब्द टाकला आणि दुसऱ्यांदा भात घ्यायला गेला.

मामांना पटवणं मापांपेक्षा अवघड होतं. मी म्हटलं, 'मामा, मूळ उंचीला आणा, दोन्ही बॉल जॉइंट बदला, मग अलाइनमेंट करा. क्रम हाच. उंची बदलल्यावर आधी केलेली अलाइनमेंट वाया जाते.' मामा गप्प. मग म्हणाले, 'भाचे, अर्धा इंच तरी ठेवा. एवढं माणसांत दिसलेलं एकदम खाली कसं आणायचं?' आम्ही वहीच्या पानाचा हिशोब पुन्हा केला. गाडी जुनी, मूळ उंचीपेक्षा थोडी बसलेली असणारच, शेजारची सुमोही तशीच. दहा मिलिमीटर मान्य झाले, दोन्ही बाजूंना सारखे, आणि त्यापुढे रबराला पुरेशी जागा राहते ते मोजून पाहिलं. बोल्टच्या आट्यांवर मी पांढऱ्या रंगाची खूण केली.

काम मंचरला एका दुसऱ्या गॅरेजमध्ये झालं. मामी स्वतः पुढच्या सीटवर बसून घाटात ट्रायल घेऊन आली. हेडलाइट परत रस्त्यावर आलेत, टायर मात्र बदलावे लागले. शेताकडच्या रस्त्यावरचा दगडांचा कणा मामांनी दोन ट्रॉल्या मुरूम टाकून बुजवला, त्याला बोल्टपेक्षा जास्त खर्च आला. आणि गावातल्या त्या बांधावरून मामा आता गाडी तिरकी घालतात, एकेक चाक करून, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी.