एका ग्लासात जव किती?



मागच्या शनिवारी पुतण्याच्या आग्रहाने पुण्यात मुंढव्याच्या एका मोठ्या बारमध्ये गेलो होतो. बिअर तिथंच तयार करतात, मायक्रोब्रुअरी म्हणतात त्याला. पुण्यात हा प्रकार २००९ च्या सुमारास डूलालीपासून सुरू झाला, आता बरेच झालेत. मी माळकरी, त्यामुळं लिंबू सोडा घेतला. पण काचेपलीकडं स्टीलच्या टाक्या दिसल्या आणि पाय तिकडंच वळले. तिथल्या मास्तरानं सगळं दाखवलं.

बघितलं तर निम्मं काम आपल्या ओळखीचं. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे; झालं माल्ट. आपल्या आयाबाया नाचणीचं सत्व करतात तसंच. मास्तरानं मूठभर दिलं, चावून बघितलं. कच्चा जव दाताला टणक लागतो, हा कुरकुरीत आणि गोड. मग ते भरडून साधारण ६५ अंशाच्या पाण्यात मुरवतात, स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं. गुऱ्हाळाची काहीलच समजा. यीस्ट पडतं ते गार झाल्यावर.

पुतण्या म्हणाला, "काका, आपण पण जव लावू की! इथं एक ग्लास सव्वाचारशेला जातोय."

मी तिथंच हिशोब केला. अर्ध्या लिटरला माल्ट लागतं साधारण १०० ग्रॅम. शंभर किलो जवाचं माल्ट होतं ८० किलोच्या आसपास, म्हणजे ग्लासामागं जव सव्वाशे ग्रॅम. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला १९८० रुपये. ग्लासात शेतकऱ्याचे आले अडीच रुपये. बाकीच्यात भाडं, कर, पगार, वीज, त्यांचा नफा. त्यांना नावं ठेवत नाही, खर्च त्यांनाही आहे. पण ग्लासाचा भाव बघून पीक ठरवायचं नसतं. फळ्यावर हॉप्स कुठल्या देशाचं ते लिहिलं होतं, जव कुणाच्या रानातला ते नव्हतं.

शिवाय जवाचं पीक राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशाकडचं. त्याला लांब थंडी पाहिजे, आपली थंडी संक्रांतीनंतर पळते. माल्टला दाणा टपोरा आणि प्रोटीन कमी लागतं, साधारण ९ ते साडेअकरा टक्के. उशिरा युरिया टाकला की प्रोटीन वाढतं आणि माल रिजेक्ट. घेणारा लेखी ठरलेला नसेल तर आपल्याकडं याच्या नादाला लागू नये, असं माझं मत.

आपल्या कामाची गोष्ट मागच्या दाराला होती. गाळल्यावर उरलेला चोथा! शंभर किलो माल्टमागं ओला चोथा १०० ते १२० किलो निघतो. हडपसरकडचा एक गवळी रोज टेम्पो घेऊन येतो.

मी विचारलं, "दादा, जनावराला चढत नाही का हो?" मास्तर हसला. चोथा यीस्ट पडायच्या आधीच बाजूला होतो, त्यात दारू नसते.

घेणाऱ्यांनी एवढं बघा:

१) त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. ओल्याचा किलोचा भाव वाहतुकीसह चार-पाचनं गुणा, मगच पेंडीशी तुलना करा. कोरड्यावर प्रोटीन २० ते २५ टक्के.

२) उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो. रोज ताजा आणा, नाहीतर मुरघासाच्या पिशवीत हवा काढून घट्ट दाबा. बुरशी दिसली की उकिरड्यावर, गाईपुढं नाही.

३) दोन-तीन किलोपासून हळूहळू वाढवा. यात कॅल्शियम कमी असतं, मिनरल मिक्श्चर बंद करू नका. वैरण कमी करून नुसता चोथा घालू नका. किती घालायचा ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

आमच्या शिरूरपासून एकट्यानं टेम्पो नेणं परवडत नाही. पाच-सहा गोठेवाले मिळून आळीपाळीनं नेला तर जमेल, असा माझा हिशोब आहे. मुंढवा, खराडी, बाणेर भागातून कुणी चोथा आणत असेल तर पोहोच भाव आणि दुधात काय फरक पडला ते खाली लिहा. फॅटचा आकडा पण टाका, नुसतं "चांगलंय" लिहू नका.