शुद्धीवर येणें

करमाळ्यास कमलाभवानीच्या देवालयानजीक ९६ पायऱ्यांची विहीर आहे. लहानपणीं मावशी आम्हांस बजावीत असे, "उतरायला काय, कुणीही उतरतो, चढताना दमानं घ्यावं." या सांगण्याचा अर्थ तिच्याच खुब्याचें हाड मोडलें तेव्हां आम्हांस उमगला.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं सकाळीं तिचा सुकलेला चेहरा पाहवेना, म्हणून आम्हीं तिला कपभर दुधाचा चहा पाजला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं विचारलें, तेव्हां 'उपाशीच आहे' हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. पण मावशीनेंच खरें सांगून टाकलें. शस्त्रक्रिया लांबली. आम्हांस राग आला. पण कारण कळतांच तो ओसरला. संपूर्ण भूल दिली कीं गिळण्याखोकण्याची उपजत शक्ति लोपते; पोटांतलें वर येऊन फुफ्फुसांत उतरलें तर जिवावर बेततें. म्हणून दूध व हलकें अन्न ६ तास आणि साधें पाणी २ तास आधीं बंद. आमची दया तिला केवढ्यास पडली असती!

बाहेर ताटकळत असतां एक जुनी हकीकत आठवली. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. रोगी क्लोरोफॉर्मखालीं असतांना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडांत काम पुरें करावें लागलें. क्लोरोफॉर्मनें हृदय एकाएकीं थांबण्याचें भय असे; तें औषध आतां मागें पडलें आहे, आणि नाडी, श्वास, रक्तांतला प्राणवायु यांवर यंत्रांची अखंड नजर असते.

मावशी सुखरूप शुद्धीवर आली. परंतु दुसऱ्या रात्रीं ती आम्हांस ओळखीना. सलाईनची नळी ओढूं लागली, कैलासवासी काकांना हाका मारूं लागली. बुद्धि गेली, असेंच आम्हांस वाटलें. डॉक्टर म्हणाले, "उतारवयांत असा भ्रम पुष्कळांना होतो. बहुतेकांचा कांहीं दिवसांत निवळतो. कांहींची स्मृति मात्र पुढेंही अडखळते. यांना चष्मा लावा, दिवसा उजेडांत ठेवा, रात्रीं झोपूं द्या, आणि ओळखीचें माणूस जवळ असूं द्या."

आम्ही उशाशीं बसून देवीच्या यात्रेच्या गोष्टी सांगत राहिलों. चौथ्या दिवशीं सकाळीं तिनें आमच्याकडे निरखून पाहिलें आणि म्हणाली, "बाळ, चहा दे. पण आधी डॉक्टरांना विचार हो!"

विहिरीची शेवटची पायरी ती चढून आली होती.