मोकळा शनिवार

जूचंद्र येथील व्यापारी कुटुंबातील एक कन्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमधील लेस्टर शहरी गेली. पहिल्याच मोकळ्या शनिवारी मैत्रिणी लंडनला निघाल्या. वडिलांनी शुल्कासाठी काढलेले कर्ज आठवून ती मागे राहिली आणि पायीच शहर पाहू लागली. ज्या वाहनतळाखाली २०१२ मध्ये राजा तिसऱ्या रिचर्डचे अवशेष सापडले, तो परिसर तिने पाहिला. पुढे ऑक्सफर्ड स्ट्रीटवर संगमरवरी दर्शनी भाग दिसला. जुन्या चर्चच्या वास्तूत साकारलेले, १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले ते जिनालय होते!

दर्शनानंतर अक्षतांचा स्वस्तिक रेखताना तिला रांगोळी कलावंतांचे जूचंद्र आठवले. त्यांच्या दारावरून रोज जाऊनही ती कधी थांबली नव्हती. सायंकाळी दूरध्वनीवर ती म्हणाली, “आई, जय जिनेंद्र. परतल्यावर आधी आपलं गाव पाहायचंय.”