बुडीत खाते

थर्ड इयरला मॅनेजमेंट म्हणजे आपल्याकडे ऑप्शनला टाकायचा विषय! मी मात्र त्यात ‘बुडीत कर्जे’ वाचता वाचता तुकोबांपाशी पोचलो. गाथा आपण देव्हाऱ्यात ठेवतो, पण माणूस वाणी होता हो! घरात सावकारीही होती. १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला, धंदा बसला, पहिली बायको अन्नावाचून गेली. पुढे, परंपरा सांगते, त्यांनी निम्मी कर्जखतं धाकट्या कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. मला त्या कान्होबाच्या निम्म्याचंच जास्त कौतुक! सोडलं ते स्वतःचं, भावाचं नाही.

आमच्या किराणा दुकानातली उधारीची वही वडील अजून जपतात. यंदा गावात पाऊस नाही. परवा विचारलं, “यातलं किती बुडालं धरायचं?”

“तुझी फी भरून होऊ दे, मग सांगतो.”