दिलं एकाला

मामाचा मेसेज रात्री साडेअकराला आला. अंगणात पोत्यावर लोळणारी सात पिल्लं, वीस सेकंदांचा व्हिडिओ आणि खाली एकच शब्द : ‘कुठलं?’

मी सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला रिक्षात बसले होते. डोक्यावर मेट्रोचा पूल, पुढे बस, मागे हॉर्न. तो व्हिडिओ मी तिथेच चार वेळा बघितला. पाचव्यांदा दिसलं. सगळी भावंडं आईकडे धडपडत असताना काळ्या पट्ट्यांचं एक पिल्लू उलट्या बाजूला, उडणाऱ्या कागदामागे निघालं होतं. मान खाली, नजर कागदावर, मागचे दोन्ही पाय एकदम जमिनीला मारत. ‘पट्ट्याचं’ असं मी टाइप केलं. पण पाठवलं नाही.

का पाठवलं नाही, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

माझं आजोळ शिरोळ तालुक्यात. एका बाजूला कृष्णा, बाकी सगळा ऊस आणि थोडं पुढे गेलं की कर्नाटक. तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर पुढचं तुम्हाला माहीत आहे. नसाल तर ऐका. आमच्याकडे यात्रेत-उरुसात बैलगाड्या पळतात, घोडागाड्या पळतात आणि कुत्रीही पळतात. ग्रेहाऊंड. ऊस गेल्यावर मोकळ्या झालेल्या रानात चुन्याच्या रेघा मारतात. दोरीच्या एका टोकाला सशाचं बुजगावणं. दुसऱ्या टोकाला, रानाच्या पार पलीकडे, उभी केलेली मोटरसायकल. तिच्या मागच्या चाकावर दोरी गुंडाळायची सोय. चाक फिरलं की ससा सुटतो आणि सशामागे कुत्री. वीस-पंचवीस सेकंदांत खेळ खलास. मग तासभर वाद.

मैदानात उभी राहून मी हे फार कमी बघितलंय. बायकांनी शर्यतीला जायचं नाही असं कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि कुणी जातही नव्हतं. पण पिल्लं घरी असायची. मामा मला त्यांच्यासमोर उकिडवं बसवायचा आणि म्हणायचा, “तू बघ. माझं डोळं बक्षीस बघत्यात, तुझं कुत्रं बघत्यात.”

मी बघायचे. छाती खोल हवी, कोपरापर्यंत उतरलेली, कारण ग्रेहाऊंडचं हृदय अंगाच्या मानानं इतर कुत्र्यांपेक्षा मोठं असतं आणि ते आत मावायला हवं. पोट वर ओढलेलं. पाठीला किंचित कमान. पूर्ण वेगात हा प्राणी एका झेपेत दोनदा चारही पायांनी हवेत असतो : एकदा अंग आखडलेलं असताना, एकदा ताणलेलं असताना. त्या आखडण्या-ताणण्यातूनच ताशी 65-70 किलोमीटरचा वेग निघतो. शेपटी लांब हवी, वळताना तोल तिच्यावर. एवढं कुणालाही शिकवता येतं. अवघड गोष्ट म्हणजे नजर. हे वासावर चालणारं कुत्रं नाही, डोळ्यांवर चालणारं आहे. काही हललं की काही पिल्लं आधी भावंडांकडे बघतात आणि मग पळतात. काही आधी पळतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं.

आणि घाई करायची नाही. इंग्लंडच्या अधिकृत ट्रॅकवर 15 महिन्यांच्या आतलं कुत्रं शर्यतीत उतरवता येत नाही. मामाला हा नियम ठाऊक नाही, पण तो दीड वर्ष थांबतो. “हाडं पिकू देत,” म्हणतो. सगळेच थांबत नाहीत.

पाखरी माझी निवड. 2020च्या लॉकडाऊनमध्ये मी आजोळी अडकले होते तेव्हाच्या वेतातली. तारेवर वाळत घातलेल्या ओढणीच्या सावलीमागे ती एकटीच धावली होती, तेवढ्यावरून मी सांगितलं. दोन हंगाम ती जिंकत राहिली. ग्रुपवर तिचे व्हिडिओ यायचे, खाली ‘वाघीण’ आणि आगीचे इमोजी. मीरा रोडहून सुटलेल्या लोकलमध्ये एका हातानं कडी धरून मी ते बघायचे आणि स्टेटसला ठेवायचे. ऑफिसमधल्या कुणालाच काही कळायचं नाही.

तिसऱ्या हंगामात रानातल्या घुशीच्या बिळात तिचा मागचा पाय गेला. परदेशात गोल ट्रॅकवर कुत्री सतत डावीकडे वळत पळतात, त्यामुळे उजव्या मागच्या पायाच्या घोट्याची हाडं मोडतात. आमच्याकडे सरळ रेष असते, पण रेषेत बीळ असतं. प्लास्टर निघाल्यावर पाखरी चालायला लागली, पळायला नाही.

मग मामाचा फोन आला. “एकजण न्यायला तयार हाय.”

“कोण?”

“हाय एक.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. प्रत्येक वेतातली दोन पिल्लं घरी राहायची, बाकीची ‘दिली एकाला’. पायानं गेलेलं कुत्रं, दिलं एकाला. हा एक कोण, त्याचं गाव कुठलं, त्याच्या घरी एवढी कुत्री मावतात कशी, असं मी दहा वर्षांची असताना जेवताना विचारलं होतं. आजीनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. “जेव गप.”

“मामा,” मी म्हटलं, “तो एक मी समज.” (खरं तर ‘समज की’ म्हटलं. मामाशी बोलताना माझी मीरा रोडची भाषा गळून पडते आणि मी चारचौघींत कधी म्हणत नाही ते ‘मी बघतो, मी येतो’ सुरू होतं. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात.)

पाखरी गुळाच्या टेम्पोतून वाशीपर्यंत आली, तिथून माझ्याबरोबर टॅक्सीनं. पहिला आठवडा बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला. “मॅडम, इसको खाना नहीं देते क्या?” वॉचमन तिला गुपचूप पार्ले-जी द्यायचा आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, की मीच तक्रार करण्याच्या लायकीची बाई. ग्रेहाऊंडच्या बरगड्या दिसणं ही तब्येत चांगली असल्याची खूण आहे, हे सांगून मी थकले. तिचा पहिला रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तर डॉक्टरच घाबरले. लाल पेशींचं प्रमाण इतकं जास्त, की अंगातलं पाणी संपलंय असं वाटावं. सलाईनची तयारी झाली. मी फोनवर शोधून दाखवलं : या जातीत ते मुळातच जास्त असतं, म्हणून तर परदेशात निवृत्त ग्रेहाऊंडचं रक्त इतर कुत्र्यांना देतात. डॉक्टरांनी वाचलं, हसले आणि तेव्हापासून तिला भूल द्यायची वेळ आली तर आधी चारदा विचार करतात. तेही बरोबरच आहे. अंगावर चरबी नसल्यामुळे काही औषधं हिच्या शरीरात फार वेळ रेंगाळतात.

बाकी वन बीएचकेला इतकं सोयीचं कुत्रं दुसरं नसेल. दिवसाचे सोळा तास झोपते. फक्त लादीवर बसत नाही, हाडं टोचतात. माझी गोधडी गेली ती गेलीच.

कुणी विचारतं, विदेशी कुत्रं कशाला, आपलं कारवान का नाही? रास्त प्रश्न. लातूरकडच्या जानवळचं कारवान काय किंवा घोरपड्यांच्या मुधोळचं कुत्रं काय, तीही नजरेवर पळणारीच. मुधोळचं तर 2005 साली टपाल तिकीटही निघालं. पण तिकिटानं सुद्धा शर्यतीतून बाद झालेल्याचा प्रश्न सुटत नाही.

मला शर्यत आवडते, हे लपवत नाही. ससा सुटला की पाखरीच्या वेळी माझ्या पोटात जे व्हायचं ते मला दुसऱ्या कशानं झालेलं नाही. त्या वीस सेकंदांत तिला कुणी मारत नव्हतं, ढकलत नव्हतं. माझं भांडण त्याआधीच्या आणि नंतरच्या हिशेबाशी आहे. बैलांचं निदान कोर्टात तरी पोचलं : 2014ला बंदी, 2021च्या डिसेंबरात अटींवर परवानगी, 2023च्या मे महिन्यात घटनापीठाचा निकाल. महाराष्ट्रानं बैलगाडा शर्यतीसाठी केलेल्या कायद्यात कुत्र्याचं नाव नाही. न्यूझीलंडनं 2024च्या डिसेंबरात ग्रेहाऊंड शर्यत बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा वीस महिने मुदत ठेवली, कुत्र्यांना घरं शोधायला. घरं शोधायला वेळ लागतो, हे सरकारनं गृहीत धरलं होतं. आमच्याकडे ‘एक’ लगेच मिळतो.

आणि निवड तरी किती खरी असते? 1926 साली आयर्लंडमध्ये एका पाद्र्याच्या घरी एक वेत झालं. त्यातलं सगळ्यात किरकोळ पिल्लू पुढे मिक द मिलर झालं. 1929 आणि 1930, लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंग्लिश डर्बी मारली. तो मेल्यावर त्याला पेंढा भरून संग्रहालयात ठेवलाय, ट्रिंगला. शिरोळमध्ये जन्मला असता तर मी त्याला निवडलं नसतं.

म्हणून त्या रात्री मी ‘पट्ट्याचं’ खोडलं आणि लिहिलं, ‘बाकीची सहा कुणाला देणार, त्यांची नावं आणि नंबर पाठव. मग सांगतो.’

दोन निळ्या टिका. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी फोन.

“तू काय तलाठी झालीस व्हय गं?”

“व्हय.”

तो चिडला, ठेवला. मामी मागून काहीतरी बोलत होती, ते कळलं नाही. रात्री उशिरा व्हॉइस नोट आली, पावणेदोन मिनिटांची. मध्ये म्हैस हंबरते. एक पिल्लू साखर कारखान्यातल्या साडूला. एक मिरजेकडं, द्राक्षाच्या बागेत राखणीला. दोघं भाऊ दोन नेणार आहेत, त्यांचे नंबर सांगितले, एक आकडा कमी. एक मामीच्या माहेरी, हे मामीनं ठरवलंय. आणि मग मामा थांबतो. “ते बारकं ऱ्हायलं. बघू. कुणीतरी असंल एक.”

ते बारकं कुठलं हे बघायला मी व्हिडिओ परत लावला. पोत्याच्या कडेला, अर्धं चौकटीबाहेर, पांढरं. पिल्लांचा आवाज ऐकून पाखरी गोधडीवरून उठली, येऊन स्क्रीनला नाक लावलं. स्क्रीन पॉज झाला.

मी मामाला ‘पट्ट्याचं’ पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला.

भाड्याच्या करारात एकच कुत्रं लिहिलंय. घरमालकांना उद्या फोन करायचाय, सकाळी दहानंतर, त्यांचा चहा झाल्यावर.